समुद्र नसलेल्या गावातून समुद्राबद्दल: 'विरघळणाऱ्या' प्लास्टिकवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिमरचं रसायनशास्त्र शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली. आता सांगली-मिरजेतल्या शाळा, महिला मंडळं, शेतकरी गट बोलावतील तिथे प्लास्टिकवर बोलायला जातो. बोलणं वीस मिनिटांचं, प्रश्न तासभर. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. जो जास्त वेळा आला तो आधी, एवढाच काय तो क्रम.

सांगलीला समुद्र कुठाय? आमच्या पिशवीचा आणि समुद्राचा संबंध काय?

कृष्णा महाबळेश्वरला उगवते तिथून अरबी समुद्र साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. वाई, कराड, मग सांगली, हरिपुराला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असं साधारण चौदाशे किलोमीटर चालून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपला समुद्र कोकणातला नाही, आंध्रातला आहे.

आता हेही खरं की घाटावर टाकलेली पिशवी तडक तिथे पोचत नाही. वाटेत अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. बराचसा कचरा काठाला, झुडपात, गाळात अडकतो. २०२१ साली जगभरच्या नद्यांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्रात जाणाऱ्या नदीवाटेच्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून जास्त नद्या मिळून नेतात, आणि त्यात किनाऱ्याजवळच्या शहरांतल्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा, असं त्यातून दिसलं. त्या हिशेबात सांगलीचं नाव वर येणार नाही. भाषणात टाळ्या मिळतात म्हणून 'तुमची पिशवी कासवाच्या पोटात जाते' असं मी पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही.

पण पूर आला की हिशेब बदलतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या बाभळी बघितल्या असतील तर आठवेल, पुराची रेघ पिशव्यांनीच आखली होती. अडकलेल्या तेवढ्या आपल्याला दिसल्या. आणि धरणात अडकून उन्हात तडकलेल्या पिशवीचा जो भुगा होतो, त्याला कुठलाही दरवाजा अडवत नाही.

साताऱ्याच्या लोकांसाठी एक पुरवणी: कोयनेचं वीजनिर्मितीला वळवलेलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला जातं. तुम्ही दोन्ही समुद्रांना बांधील आहात.

बायोप्लास्टिक म्हणजे विरघळणारं प्लास्टिक ना?

नाही. 'बायो' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. एक, माल कशापासून केला: ऊस, मका की खनिज तेल. दुसरी, फेकल्यावर जिवाणू आणि बुरशी तो खाऊन संपवतात का. पहिलीचा दुसरीशी संबंध असेलच असं नाही. ब्राझीलमध्ये ब्रास्केम ही कंपनी २०१०पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते. ऊस आपल्यासारखाच, इथेनॉलही तेच, पण तयार झालेलं पॉलिथिन तेलापासूनच्या पॉलिथिनसारखंच असतं आणि समुद्रात पडलं तर तेवढंच टिकतं. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक मुख्यतः खनिज तेलापासून बनतं, तरी सूक्ष्मजीव ते पचवतात. कंपोस्टेबल म्हणून मिळणाऱ्या मऊ पिशव्यांत बहुधा तेच असतं, स्टार्च किंवा पीएलए (हे काय ते पुढच्या उत्तरात) मिसळून.

आणि 'विरघळतं' हा शब्द सोडूनच द्या. मीठ विरघळतं, आणि पाणी आटवलं की परत मिळतं. विघटनात सूक्ष्मजीव प्लास्टिकची लांब साखळी तोडून त्यातला कार्बन खातात. शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि वाढलेले सूक्ष्मजीव एवढंच उरतं. नुसते तुकडे झाले तर विघटन झालं असं म्हणता येत नाही. तो भुगा झाला.

मिरजेला ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले टाके आपोआप विरघळतील. मग पिशवी का नाही विरघळत?

कवलापूरच्या एका आजींनी विचारलेला हा प्रश्न. इतक्या वर्षांत याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही, आणि सगळा विषय यातच आहे.

हे टाके १९७०च्या दशकापासून वापरात आहेत. त्यातला एक नेहमीचा धागा ग्लायकोलिक आम्लाचे नऊ हिस्से आणि लॅक्टिक आम्लाचा एक हिस्सा अशा साखळीचा असतो. शरीर ३७ अंशांवर, कायम ओलं. पाणी साखळीत शिरून कड्या तोडतं आणि ५६ ते ७० दिवसांत धागा शोषला जातो. याच घराण्यातलं पण निव्वळ लॅक्टिक आम्लाचं प्लास्टिक म्हणजे पीएलए. लॅक्टिक आम्ल ओळखीचंच आहे: विरजण लावल्यावर दुधातल्या साखरेचं जिवाणू जे करतात ते. कारखान्यात मक्याच्या किंवा उसाच्या साखरेला असंच 'विरजण' लावतात, निघालेल्या आम्लाच्या साखळ्या जोडतात, की पारदर्शक ग्लास, झाकणं, डबे तयार.

गोम अशी की पीएलएची साखळी साधारण ५५ ते ६० अंशांपर्यंत ताठ असते. थंडीत दगड झालेली गुळाची ढेप आठवा. ऊब लागेपर्यंत सुरी आत जात नाही, तसं इथे पाणी आणि सूक्ष्मजीव आत जात नाहीत. निव्वळ पीएलएचे स्क्रू हाडात बसवले तर ते ३७ अंशांतही वर्षानुवर्षं राहतात. म्हणून कंपोस्टेबल मालाची प्रमाण चाचणी ५८ अंशांच्या आसपास घेतात आणि त्या तापमानाला सहा महिन्यांत ९० टक्के विघटन मागतात. समुद्रात ५८ अंश कुठून आणायचे? कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेनं धक्क्यावरून समुद्रात कापडाचे नमुने सोडले होते. कापसासारखे सेल्युलोजचे धागे महिन्याभरात जिरले. पीएलए ४२८ दिवसांनंतरही जसंच्या तसं होतं. हा निकाल २०२३चा.

म्हणून आजींना मी सांगितलं, विघटन नुसतं वस्तूच्या अंगात नसतं. ती कुठे पडली यावर अर्धं अवलंबून. त्या म्हणाल्या, "बियाणासारखंच की." तेव्हापासून मी हेच उदाहरण वापरतो.

पिशवीवर 'बायोडिग्रेडेबल' छापलेलं असतं. ते खोटं असतं का?

काही वेळा साफ खोटं, काही वेळा अर्धवट खरं. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी पाच प्रकारच्या पिशव्या हवेत, मातीत आणि समुद्रात तीन वर्षं ठेवल्या. २०१९मध्ये त्यांनी निकाल दिला: मातीतून आणि समुद्रातून काढलेल्या 'बायोडिग्रेडेबल' पिशवीत तीन वर्षांनंतरही बाजार भरून आणता येत होता. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण तीच मातीत २७ महिन्यांनी सापडली, फक्त वजन पेलेना. (मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचा बारीक भुगा, हा शब्द २००४मध्ये रूढ केला तो याच थॉम्पसन यांनी.)

सगळ्यात फसवा प्रकार 'ऑक्सो'चा. साध्याच पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार घालतात, त्यामुळे उन्हात पिशवी लवकर ठिसूळ होऊन तिचा चुरा होतो. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ग्राहक खूश. युरोपीय संघानं २०१९च्या कायद्यात यावर बंदीच घातली.

आपल्याकडे बघायचं ते एवढंच: कंपोस्टेबल पिशवीला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. नुसतं हिरवं पान आणि 'निसर्गमित्र' छापलं असेल तर पिशवी दुकानदाराला परत द्या. तो चिडतो, स्वानुभव आहे.

प्रमाणपत्र असलेली पिशवी घरच्या कुंडीत, नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात संपेल का?

कुंडीत बहुधा नाही. कुंडीतलं खत हाताला कोमट लागतं, ५८ अंश म्हणजे हात मागे घ्यावा लागेल. मी स्वतः एक पिशवी कापून घरच्या ड्रमात टाकली होती. पाच महिन्यांनी भाजीच्या देठांचा पत्ता नव्हता, पिशवीच्या चिंध्या मात्र हाताला लागत होत्या. मोठ्या, ओल्या, नीट उलथापालथ केलेल्या ढिगात गोष्ट वेगळी.

मग समुद्रात खरोखर संपणारं प्लास्टिक आहे तरी का?

आहे, आणि ते माणसानं शोधलेलं नाही, जिवाणूंचं आहे. १९२६मध्ये फ्रान्सच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमॉइन यांना एका जिवाणूच्या पेशीत पीएचबी सापडलं. सुगीत कणगी भरून ठेवावी तसं हे काम आहे. साखर भरपूर आणि नायट्रोजन कमी अशी वेळ आली की जिवाणू वाढण्याऐवजी पेशीत पॉलिएस्टरचे कण साठवतात. हे पीएचए घराणं, पीएचबी त्यातलंच एक. जिथे साठवणारे आहेत तिथे फोडून खाणारेही आहेत, मातीत आहेत तसे समुद्रातही. पीएलएसारखी आधी उष्णतेनं साखळी सैल होण्याची वाट त्यांना पाहावी लागत नाही. त्यांची विकरं (एन्झाइम) पृष्ठभागावरून थेट कुरतडत जातात.

पण किती वेगानं? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच्या प्रयोगांची गोळाबेरीज केली, तर पीएचएची पाण्याची बाटली समुद्रात पूर्ण संपायला दीड ते साडेतीन वर्षं असा अंदाज निघाला. पातळ पिशवीला अर्थात खूपच कमी. पॉलिथिनपुढे हे झकास आहे. कासवाच्या बाजूनं बघितलं तर दीड वर्ष पुष्कळ झालं. वाऱ्या-पाण्यात हलणारी पिशवी त्याला त्याच दिवशी दिसते.

प्रयोगशाळेतली समुद्र-चाचणी ३० अंशांवर घेतात. कोकण किनाऱ्याचं वरचं पाणी २७ ते ३० अंशांचं असतं, म्हणजे आपल्याकडे तो आकडा अगदीच हवेतला नाही. पण पीएचबीची आणि पीएलएची घनता १.२५च्या आसपास, ती बुडतात. खोल तळाशी तापमान दोन-चार अंश, सूक्ष्मजीव थोडे आणि मंद. तिथे काय पोचतं याची कल्पना हवी असेल तर प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत १०,८९८ मीटरवर पिशवीचा तुकडा दिसला आहे, जपानी संशोधकांनी १९९८ साली टिपलेल्या चित्रात.

माझं मत विचाराल तर पीएचएची खरी जागा बाजाराच्या पिशवीत नाही. जी वस्तू समुद्रात हरवणारच आहे ती याची करावी. प्रशांत महासागरातल्या मोठ्या कचरापट्ट्यात वजनानं किमान ४६ टक्के मासेमारीची जाळी निघाली, असा २०१८चा अभ्यास आहे. सुटलेलं नायलॉनचं जाळं कुणी ओढत नसतानाही वर्षानुवर्षं मासे धरत राहतं. मालवणच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

ऊस आपल्याकडे, कारखाने आपल्याकडे. मग बायोप्लास्टिक इथेच का होत नाही?

हा प्रश्न सांगलीत येणारच. इस्लामपुरात तर पहिला हाच येतो.

होऊ शकतं, आणि फार लांबही नाही. प्राज इंडस्ट्रीजनं २०२४मध्ये जेजुरीला पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सनं कुंभी इथे साखरेपासून पीएलए बनवण्याच्या मोठ्या कारखान्याची घोषणा केली आहे. ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला जोडून पीएचबी काढून झालं. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून मिळणारी वाफ आणि वीज तिथे फुकटात हाताशी.

आता गणित. कागदावर १८० ग्रॅम ग्लुकोजमधून १४४ ग्रॅम पीएलए निघतं, म्हणजे किलोला सव्वा किलो साखर; प्रत्यक्षात दीड-पावणेदोन किलो धरा. पीएचबीला जवळपास तीन किलो, कारण जिवाणू स्वतःही जेवतो. शिवाय पीएचबी पेशीच्या आतून काढावं लागतं, तो खर्च वेगळा. साखरेचा भाव आणि इथेनॉलचा दर बघून कुठलाही कार्यकारी संचालक आधी इथेनॉलकडेच वळणार, त्याला दोष देता येत नाही. आणि एका किलो साखरेमागे उसाला किती पाणी गेलं हे दुष्काळी जत-आटपाडीच्या माणसासमोर बोलताना जीभ अडखळते. म्हणून माझी भिस्त साखरेवर नाही, मोलॅसिस (साखर काढून उरलेला काळा पाक) आणि बगॅसवर आहे. (शेतकऱ्यांत 'मळी' म्हटलं की कुणी प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) समजतो, कुणी मोलॅसिस, त्यामुळे तो शब्द मी टाळतो.)

दुसरी एक गोष्ट कुणी विचारत नाही, मीच सांगतो. कंपोस्टेबल मालाला लागणारी ५८ अंशांची जागा आपल्याकडे आधीच आहे. कारखान्याच्या आवारात प्रेसमडचे लांब ढीग घालून वर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, मारतात आणि यंत्रानं उलथतात, ते ढीग आतून साठ अंशांच्या पुढे तापतात. शहरातला छाटून घेतलेला कंपोस्टेबल माल तिथे जिरवून बघण्यासारखा आहे. पण 'छाटून घेतलेला' या दोन शब्दांत सगळं अडतं: दहा पिशव्यांत दोन पॉलिथिनच्या निघाल्या तर ते खत शेतकरी का घेईल?

भडंगाचं पाकीट बायोप्लास्टिकचं करता येईल का?

भडंग कुरकुरीत राहतं ते पाकीट ओल आत येऊ देत नाही म्हणून. साध्या पीएलएच्या फिल्ममधून पाण्याची वाफ बरीच सहज जाते. नेहमीच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटाऐवजी ती वापरली तर पावसाळ्यात आठवड्याभरात मुरमुरे चिवट. वर धातूचा किंवा इतर कशाचा पातळ थर देतात, पण थर वाढले की विघटनाचं गणित परत मांडावं लागतं. भडंगवाल्यांनी मला सांगितलेला सोपा तोडगा: जवळच्या गिऱ्हाइकाला डब्यात घालून द्यायचं. लांबच्या पार्सलला अजून उत्तर नाही.

मल्चिंग पेपरचं काय करायचं? दरवर्षी बांधावर जाळतो.

जाळू नका, हे आधी. धूर तुमच्याच नाकात जातो.

कलिंगड, मिरची, टोमॅटोला वाफ्यावर अंथरलेला २५-३० मायक्रॉनचा पॉलिथिनचा पेपर असतो. पीक निघाल्यावर तो अखंड निघत नाही, कडा मातीत राहतात, पुढच्या नांगरटीला तुकडे होतात, आणि वळवाच्या पावसात ओढ्याला लागतात. ओढ्याचं पुढे कृष्णेतच जातं. म्हणजे समुद्राकडे जाणारं सांगलीचं प्लास्टिक नुसतं बाजारातलं नाही, रानातलंही आहे.

इथे मात्र जैवविघटनशील माल खरंच कामाचा आहे, कारण वस्तू जिथे पडून राहणार तिथेच जिरायची आहे. पीबीएटी आणि स्टार्चचा पेपर पिकानंतर सरळ नांगरून टाकायचा. युरोपचं २०१८चं मानक यासाठी मातीत, साधारण २५ अंशांना, दोन वर्षांत ९० टक्के विघटन मागतं. आपली जमीन त्याहून ऊबदार असते, फक्त ओल हवी. कोरड्या रानात कुणीच काही खात नाही. पेपर महाग पडतो आणि कडक उन्हात लवकर फाटतो, म्हणून सत्तर-ऐंशी दिवसांच्या कलिंगडापासून सुरुवात करा, दोन सऱ्यांवर. ठिबकच्या नळ्यांसाठी हे चालणार नाही. त्या पाच-सात वर्षं टिकायला हव्यात आणि भंगारात त्यांना भाव येतो.

आम्ही प्लास्टिक सोडलं, आता कापडी पिशवी वापरतो.

रंगीत, पातळ, दुकानाचं नाव छापलेली? पेटवून बघा, वितळेल. ते नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीन आहे, कापड नाही. नियमात ते प्लास्टिकच आहे आणि ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरमागे ६० ग्रॅम) पातळ चालत नाही. जुन्या साडीची पिशवी शिवा, पण ती नायलॉनची साडी नको.

प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडलेत ना? ते सोडा की नदीत.

जपानच्या साकाई शहरात बाटल्यांच्या रिसायकलिंगच्या जागी एक सापडला, इडिओनेला साकाइएन्सिस; २०१६मध्ये ते जाहीर झालं. तो पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, खातो, तेही मऊसर, पातळ फिल्म, ३० अंशांना, काही आठवडे घेऊन. पिशवीच्या पॉलिथिनला तो हात लावत नाही. त्याच्या विकरांवरून बाटल्यांचा पुनर्वापर सुधारायचं काम जोरात आहे. नदीत सोडायचा तो प्राणी नव्हे.

सगळंच कंपोस्टेबल केलं तर भानगड मिटेल?

भंगारवाल्याला विचारा. पीएलएची आणि पीईटीची बाटली हातात घेतली तर सारखीच दिसते. पीईटीच्या लॉटमध्ये थोडं पीएलए गेलं तरी माल डागाळतो आणि भाव पडतो. ज्या बायका कचऱ्यातून बाटल्या वेचून सांगलीचा भार उचलतात, फटका त्यांना बसतो. शिवाय जगातल्या एकूण प्लास्टिकमध्ये सगळी बायोप्लास्टिकं मिळून एक टक्काही नाहीत. १९५०पासून २०१५पर्यंत ८.३ अब्ज टन प्लास्टिक तयार झालं, आणि जो कचरा झाला त्यातलं जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आलं. ते सगळं अजून कुठेतरी आहेच, एक जाळलेलं सोडलं तर.

कोकणातनं येणारे मासे खावेत की नाही?

खा. माशातलं मायक्रोप्लास्टिक बहुतेक आतड्यात असतं आणि आपण ते काढून टाकतो. अख्खी खायची ती छोटी सुकी मासळी आणि शिंपल्या, तिथे हा प्रश्न जास्त लागू. मी सुकट सोडलेली नाही.

मुलांना घरी प्रयोग करायचाय. काय करता येईल?

चार पट्ट्या कापा, हाताएवढ्या: साधी पॉलिथिनची, प्रमाणपत्र असलेली कंपोस्टेबल, दुकानातली 'कापडी', आणि खऱ्या सुती कापडाची. प्रत्येकीचं वजन करून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत वेगवेगळी शिवा. एक संच शेणखताच्या ढिगात मधोमध पुरा, एक बागेतल्या मातीत, एक मीठ घातलेल्या पाण्याच्या बादलीत. (बादली म्हणजे समुद्र नव्हे, हे वहीत लिहून ठेवायला सांगा, खऱ्या समुद्रातले सूक्ष्मजीव त्यात नसतात.) शक्य असेल तर ढिगात थर्मामीटर खुपसून दर रविवारी तापमान लिहा. महिन्याला एकदा जाळी काढून, हलक्या हातानं धुऊन, वाळवून परत वजन करा. सुती पट्टी आधी जाईल, बाकीच्यांचा निकाल मी सांगत नाही.

पुरल्या जागी काठी रोवायला विसरू नका. माझी एक जाळी २०२१च्या पुराआधी अंगणात पुरलेली आहे, आणि अजून सापडलेली नाही.